मेंढीची साक्ष

२००४ च्या सप्टेंबरात ब्रसेल्समध्ये एक मुलगी जन्मली आणि तिच्या जन्माचे कौतुक पुरते होण्याआधीच डॉक्टरांमध्ये वाद सुरू झाला. तिच्या आईला १९९७ मध्ये हॉजकिन्स लिम्फोमा झाला होता. केमोथेरपीने अंडाशयातला स्त्रीबीजांचा साठा जळून जाईल, म्हणून जाक डोनेझ यांच्या पथकाने उपचारांआधी तिच्या डाव्या अंडाशयाच्या वरच्या थराचे छोटे तुकडे काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवले. कर्करोग बरा झाला, पाळी मात्र थांबली. २००३ मध्ये ते तुकडे पुन्हा तिच्या पोटात, अंडाशयालगत बसवले. काही महिन्यांनी पाळी परतली आणि पुढे कोणत्याही औषधाविना दिवस राहिले. ‘लॅन्सेट’मध्ये हा वृत्तांत आला तेव्हा जाणकारांनी नेमका प्रश्न विचारला: या बाईची अंडाशये काढलेली नव्हती, ती जागच्या जागी होती. केमोनंतर निकामी ठरलेले अंडाशय वर्षा-दोन वर्षांनी आपोआप जागे झाल्याची उदाहरणे आहेत. मग हे बीज गोठवलेल्या तुकड्यातलेच कशावरून? डोनेझ यांनी पुरावे मांडले. कलमाच्या जागी वाढणारे फॉलिकल, म्हणजे बीज पिकवणारी पिशवी, सोनोग्राफीत दिसले होते, दुर्बिणीतूनही पाहिले होते. पण गर्भ ज्या बीजातून झाला ते त्याच जागेतून सुटले, हे कोणत्याही चित्रावरून सिद्ध होत नव्हते. खात्री करून घ्यायची तर बाईची उरलेली अंडाशये काढायला हवी होती, आणि एका शास्त्रीय शंकेपायी तसे कोण करील?

तीच शंका दहा वर्षांपूर्वी एडिनबरामध्ये आधीच मिटवलेली होती. १९९४ मध्ये रॉजर गॉस्डेन, डेव्हिड बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांची दोन्ही अंडाशये काढली, त्यांच्या सालीचे पातळ काप उणे १९६ अंशांवर साठवले आणि नंतर ज्या मेंढीचे काप तिलाच परत जोडले. त्यांतल्या एका मेंढीने गोठवलेल्या कलमातून कोकरू दिले. तिच्या शरीरात दुसरे अंडाशय नव्हतेच, त्यामुळे कोकरू कुठून आले यावर वाद घालायला जागा नव्हती. उंदरांत असे प्रयोग १९६० पर्यंत यशस्वी झाले होते, पण उंदराचे अंडाशय मोहरीएवढे आणि मऊ. मेंढीचे अंडाशय दीड-दोन सेंटिमीटरचे, त्याची साल बाईच्या अंडाशयासारखीच चिवट, तंतुमय, आणि बीजांचा साठा त्या सालीतच. गोठवणाऱ्या द्रावणाने आतवर मुरायला हवे ते अशाच सालीत. पुढे १९९९ मध्ये बेअर्ड यांच्या गटाने हेही दाखवले की बीजांचा मोठा संहार गोठवण्यात होत नाही. कलम जोडल्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत जो उपासमारीचा काळ जातो, त्यात तो होतो.

स्त्रीरोगशास्त्रात मेंढी का वापरली याचे नेहमीचे उत्तर असे असते की तिचे अवयव बाईच्या अवयवांच्या आकाराचे आहेत, ती शांत असते आणि माकडापेक्षा स्वस्त पडते. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. माझ्या मते गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत मेंढीने जे दिले ते साम्यापेक्षा मोलाचे आहे. क्ष-किरण, सोनोग्राफी आणि एमआरआय यांनी शरीराच्या आतले जे दाखवले, त्याची उलटतपासणी घेण्याची जागा मेंढी होती. चित्रात दिसणारा काळा ठिपका म्हणजे काय, तो खरोखर तोच आहे का, दिसते त्याचा अर्थ आपण लावतो तोच आहे का, हे रक्ताशी, संप्रेरकांशी आणि अखेर चिरलेल्या अवयवाशी ताडून पाहणे मेंढीत शक्य होते, बाईत नव्हते.

या परंपरेची पहिली ठळक नोंद प्रसूतिशास्त्रातली आहे. गर्भाच्या हृदयात रक्त कसे फिरते याविषयी अठराव्या शतकापासून दोन तट होते. वारेकडून येणारे ताजे रक्त आणि शरीराच्या वरच्या भागातून परतणारे वापरलेले रक्त उजव्या कप्प्यात एकत्र मिसळते, की दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून आपापल्या वाटेने जातात? मृत गर्भांच्या विच्छेदनातून दोन्ही बाजूंना हवे ते मिळत होते. ऑक्सफर्डच्या नफील्ड इन्स्टिट्यूटमध्ये, जुन्या रॅडक्लिफ वेधशाळेच्या इमारतीत, क्ष-किरणतज्ज्ञ आल्फ्रेड बार्कले आणि शरीरक्रियातज्ज्ञ केनेथ फ्रँकलिन यांनी केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट आणि अमेरिकेचे डोनाल्ड बॅरन यांच्या साथीने हा प्रश्न जिवंत कोकरावर सोडवायला घेतला. गाभण मेंढीचे पोट उघडून कोकरू बाहेर घेतले जाई, पण नाळ तोडली जात नसे. म्हणजे ते बाहेर असूनही गर्भच राही. मग त्याच्या शिरेत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडून हृदयाची चलच्चित्रे घ्यायची. १९३९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. खालच्या महाशिरेचा प्रवाह हृदयाशी दुभंगतो, त्याचा मोठा वाटा आतल्या खिडकीतून थेट डावीकडे जातो आणि वरच्या महाशिरेचे रक्त उजव्या बाजूने उतरते, हे त्या चित्रांत दिसले. नाळ बांधल्यावर गर्भकाळातली ती आडवाट, डक्टस आर्टेरिओसस, काही मिनिटांतच आकसू लागते, हेही दिसले. दीडशे वर्षांचा वाद एका फिल्मने संपवला असे म्हणायचा मोह होतो, पण फिल्म एकटी नव्हती. तीच माणसे त्याच कोकरांच्या रक्तातला प्राणवायू मोजत होती, हृदय चिरून पाहत होती. चित्राला बळ आले ते या इतर पुराव्यांमुळे.

आता अंडाशयाकडे येऊ, कारण या इतिहासाचा खरा रसाळ भाग तिथे आहे. अंडाशय ओटीपोटात खोल दडलेले असते आणि त्याच्यातून निघणारे संप्रेरक सगळ्या शरीरात विरून जाते. एकेका फॉलिकलची वाढ आणि त्याच वेळचा स्राव एकत्र कसा पाहायचा? १९६० च्या दशकात मेलबर्नचे जेम्स गोडिंग आणि त्यांचे सहकारी यांनी एक विलक्षण उपाय रूढ केला. मेंढीचे अंडाशय पोटातून काढून मानेत बसवायचे. मानेच्या कातडीची वळी करून तिच्यात मानेची धमनी आणि शीर गुंडाळायची आणि त्यांच्याशी अंडाशयाच्या वाहिन्या जोडायच्या. मेंढी चरते, रवंथ करते, आणि तिचे अंडाशय कातडीच्या आत, बोटाने चाचपता येईल असे, वर्षानुवर्षे काम करत राहते. त्या शिरेतून घेतलेले रक्त थेट अंडाशयातून येणारे. एडिनबरात बेअर्ड यांनी हीच पद्धत चालवली आणि १९९० च्या दशकात त्यांच्या गटातल्या सूझा आणि कॅम्पबेल यांनी त्यावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. पडद्यावर फॉलिकल फुगताना दिसत आहे आणि त्याच क्षणी त्याने सोडलेले इस्ट्रोजेन नळीत जमते आहे! चित्र आणि त्याचा अर्थ एकाच वेळी हाती लागण्याची अशी सोय स्त्रीरोगशास्त्राला दुसरीकडे क्वचितच मिळाली असेल.

पण मानेतले अंडाशय हे काही थोड्या प्रयोगशाळांचे काम. बाकीच्यांना पोटातलेच अंडाशय पाहायचे होते. मेंढी गाभण आहे का हे ध्वनिलहरींनी ओळखण्याचा प्रयोग अमेरिकेत १९६६ मध्येच झाला होता. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी बायकांच्या पोटातल्या गाठींची सोनोग्राफी प्रसिद्ध केली त्याला तेव्हा आठच वर्षे झाली होती. गर्भ मोठा असतो. मेंढीचे पिकलेले फॉलिकल मात्र पाच ते सात मिलिमीटरचे, बाईच्या फॉलिकलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. त्यासाठी साडेसात मेगाहर्ट्झचा प्रोब लागला, तो लांब दांडीला बसवून गुदद्वारातून आत सरकवायचा. रोज त्याच वेळी तीच मेंढी, टेपवर चित्रीकरण, आणि शेजारी कागदावर दोन्ही अंडाशयांचा हाताने काढलेला नकाशा: हे फॉलिकल काल चार मिलिमीटरचे होते, आज पाच झाले, हे दुसरे विरले. यापूर्वी हेच जाणून घ्यायला पोट उघडून फॉलिकलशेजारी शाईची खूण करावी लागे, नाहीतर चक्राच्या प्रत्येक दिवसासाठी वेगळ्या मेंढ्या मारून अंडाशये मोजावी लागत. मारलेल्या मेंढ्यांच्या आकड्यांवरून सरासरी निघते. एकाच फॉलिकलचे आयुष्य त्यातून कळत नाही.

रोजच्या या नकाशांतून १९९० च्या दशकाच्या मध्यास जे चित्र उभे राहिले ते लाटांचे होते. कॅनडात सास्काटूनच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नॉर्मन रॉलिंग्ज, ग्रेग अ‍ॅडम्स आणि पुढे पावेल बार्टलेव्स्की यांनी, तर अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या ओ. जे. गिंथर यांनी दाखवले की सतरा दिवसांच्या चक्रात मेंढीच्या अंडाशयात फॉलिकलची तीन-चार पिके येतात, आणि प्रत्येक पिकाआधी पिट्युटरी ग्रंथीचे एफएसएच हे संप्रेरक वर चढते. गायींत अशा लाटा असाव्यात हे राजाकोस्की यांनी १९६० मध्ये कत्तलखान्यातल्या अंडाशयांवरून म्हटले होते. तेव्हा फारसे कोणाला पटले नाही. सोनोग्राफीने ते खरे ठरवले. बाईबद्दलचा पाठ्यपुस्तकी सिद्धान्त मात्र वेगळा होता. पाळी आली की काही फॉलिकल वाढू लागतात, त्यांतले एक निवडले जाते, ते फुटते आणि उरलेला अर्धा महिना अंडाशय शांत असते. आज वंध्यत्वाच्या दवाखान्यात ‘फॉलिक्युलर स्टडी’ला बोलावलेल्या कोणत्याही बाईला विचारा; तिची सोनोग्राफी या सिद्धान्ताच्या वेळापत्रकानेच होते. उत्तरार्धात कोणी बघतच नव्हते, म्हणून तिथे काही दिसत नव्हते.

सास्काटूनमध्येच या सिद्धान्ताची भिंत पडली, आणि ते योगायोगाने झाले असे मला वाटत नाही. रॉजर पिअर्सन यांची घडण गिंथर यांच्याकडे गायी-घोड्यांच्या अंडाशयांवर झाली होती. अ‍ॅडम्स मेंढ्यांच्या अभ्यासात होते. या दोघांबरोबर अँजेला बेअरवाल्ड यांनी ५० निरोगी स्त्रियांची, एका बीजमोचनापासून पुढच्या बीजमोचनापर्यंत, रोज सोनोग्राफी केली. २००३ मध्ये निष्कर्ष आला: ६८ टक्के स्त्रियांत दोन लाटा, ३२ टक्क्यांत तीन. याचा व्यवहारातला उपयोग लवकरच झाला. कर्करोग झालेल्या तरुणीला केमोआधी बीजे साठवायची असतील तर पुढच्या पाळीची वाट पाहण्यात मोलाचे आठवडे जात. महिन्याच्या कोणत्याही दिवशी औषधे सुरू करता येतात, या पद्धतीला लाटांच्या कल्पनेने आधार दिला. इथे सावध राहायला हवे. बायकांतल्या या लाटांपैकी बहुतेकांत फॉलिकल फुटत नाही, आणि त्यांचे महत्त्व किती यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. पण बघायचे कुठे हे पशुवैद्यकातून आलेल्या नजरेने सांगितले, एवढे तरी निर्विवाद आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: मेंढी म्हणजे बाई नव्हे. ती ऋतूनुसार माजावर येते, तिचे गर्भाशय दोन शिंगांचे असते, तिची वार वेगळ्या घडणीची असते. सगळ्यांत मोठा फरक तर मानेतल्या त्या अंडाशयानेच उघड केला. अंडाशय मानेत गेले आणि गर्भाशय पोटात राहिले की मेंढीचा पीतपिंड, म्हणजे फुटलेल्या फॉलिकलच्या जागी तयार होणारी ग्रंथी, विरायचाच थांबतो, चक्र अडते. दोन्ही अवयव एकत्र मानेत बसवले की चक्र पुन्हा सुरू होते. म्हणजे मेंढीत पीतपिंड विरवण्याचा निरोप गर्भाशय देते, आणि तो निरोप प्रोस्टाग्लँडिनचा असल्याचे १९७२ मध्ये मॅकक्रॅकन यांच्या गटाने दाखवले. बाईचे गर्भाशय काढले तरी तिचे अंडाशय आपले चक्र चालूच ठेवते. हा फरक झाकून मेंढीवरून बाईचे निष्कर्ष काढणारा माणूस फसणारच. गर्भाच्या रक्ताभिसरणातही असेच झाले: डॉप्लर सोनोग्राफीने मोजता आल्यावर दिसले की मानवी गर्भाच्या फुप्फुसांकडे कोकराच्या मानाने रक्ताचा बराच मोठा वाटा जातो. पण या आक्षेपाने माझे म्हणणे ढासळत नाही. हे फरक आपल्याला नेमके माहीत आहेत, कारण मेंढीत ते शेवटपर्यंत तपासता आले. ज्या प्राण्याचे वेगळेपण मोजलेले आहे, त्याची साक्ष कुठवर धरायची हे ठरवता येते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हे सगळे ज्ञान बायकांसाठी जमवलेलेच नव्हते. लोकर आणि मटण यांच्या बाजारासाठी, जास्त कोकरे कशी मिळतील म्हणून ते जमले. ऑस्ट्रेलियात कूमाजवळच्या बुरूला फार्मवर सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या दोन-दोन, तीन-तीन कोकरे देत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने त्या अभ्यासाला घेतल्या. २००१ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे त्यामागचा जनुकीय बदल शोधला, त्यांत सूझा आणि बेअर्ड पुन्हा होतेच. तोच बदल सुंदरबनच्या ठेंगण्या गारोल मेंढीतही आढळतो आणि अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांकडून तो ऑस्ट्रेलियात पोचला, असे मानले जाते. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकापासून गारोल आणि आपल्या दख्खनी मेंढीचा संकर करून हे जनुक धनगरांच्या कळपात आणले. ‘नारी सुवर्णा’ ही जात त्यातून आली. सोनोग्राफी वाचणाऱ्यासाठी या मेंढ्यांत एक धडा आहे. बुरूला मेंढीचे फॉलिकल साध्या मेंढीच्या मानाने लहान असतानाच पिकते. पडद्यावर चार मिलिमीटरचा ठिपका दिसला तर एकीत तो अर्धवट वाढलेला आणि दुसरीत फुटायला तयार. नुसता आकार मोजून पक्वता ठरवणाऱ्याला चित्र फसवते. न्यूझीलंडच्या इन्व्हरडेल मेंढ्यांची गोष्ट याहून थेट आहे. त्यांच्यातल्या बीएमपी-१५ जनुकाची एक बदललेली प्रत जुळी देते, दोन प्रती असल्या तर अंडाशये नुसती दोरीसारखी राहतात. २००० मध्ये ते जनुक सापडले आणि २००४ मध्ये त्याच जनुकातला बिघाड अंडाशये निकामी झालेल्या दोन बहिणींत मिळाला. म्हणजे बाजारासाठी जमवलेले ज्ञान बायकांच्या कामी आले. पण बायकांच्या अंडाशयासाठी पैसा आधी का निघाला नाही, हा प्रश्न त्याने मिटत नाही, आणि तो मिटावा असे मला वाटतही नाही.

तिसरा आक्षेप नीतीचा. नाळेसह बाहेर काढलेली कोकरे, मानेत टाचलेली अंडाशये: हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावा. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांचा वापर टाळावा, संख्या घटवावी आणि वेदना कमी करावी असे सूत्र मांडले. सोनोग्राफीने दुसऱ्या बाबतीत नक्कीच मदत केली, कारण वीस मेंढ्या मारून जे कळे ते एका जिवंत मेंढीकडून कळू लागले. तरी सोनोग्राफी कितपत खरे बोलते हे ठरवायला शेवटी काही मेंढ्या माराव्याच लागल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. या शाखेत प्राणी नव्हते तेव्हा काय झाले तेही मात्र ध्यानात ठेवावे. १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामात जे. मॅरियन सिम्स यांनी मूत्राशय आणि योनी यांच्यामधल्या फिश्चुलावरची आपली शस्त्रक्रिया गुलाम बायकांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा करून बसवली. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांतली तीन नावे उरली आहेत. ज्यांना नकार देता येत नाही अशा कोणावर तरी शास्त्र शिकतेच. निवड असते ती कोणावर, कोणत्या मर्यादेत आणि कधी एवढ्याचीच.

यांतला ‘कधी’ किती महाग पडतो ते अलीकडे दिसले. बाळंतपणांनंतर अंग बाहेर येणे हे असंख्य बायकांचे जुने दुखणे आहे. मेंढपाळालाही ते माहीत असते, कारण मेंढीचेही मायांग बाहेर येते, आणि मोजक्या प्राण्यांतच ते असे आपणहून घडते. या शतकाच्या पहिल्या दशकात योनिमार्गातून बसवायच्या पॉलिप्रॉपिलीनच्या जाळ्या अमेरिकेत झपाट्याने विकल्या गेल्या. आधीच्या साधनांशी साम्य दाखवले की मंजुरी मिळे, स्वतंत्र चाचण्यांची सक्ती नव्हती. जाळी आकसणे, योनीत उघडी पडणे, कायमचे दुखणे अशा तक्रारी वाढल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ आणि २०११ मध्ये इशारे दिले. बेल्जियममधल्या लूव्हेनला यान डेप्रेस्ट यांच्या गटाने मेंढ्यांच्या योनिमार्गात वेगवेगळ्या आकाराच्या जाळ्या बसवून पाहिल्या, त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला, आणि तिथेही जाळ्या आकसल्या, मोठ्या तुकड्यांपैकी काही उघड्या पडल्या. अडचण अशी की पॉलिप्रॉपिलीन क्ष-किरणांत दिसत नाही आणि एमआरआयमध्येही दिसत नाही. म्हणून त्यांनी धाग्यात लोह-ऑक्साइड मिसळलेली जाळी बनवली, ती मेंढीच्या योनी आणि गुदाशयामधल्या पडद्यात बसवली आणि महिनोन्महिने एमआरआय काढून ती कुठे सरकते, किती आकसते हे पाहिले. ते काम २०१७ च्या सुमारास छापले गेले. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेने अशा जाळ्यांची विक्री थांबवली. तोवर त्या हजारो बायकांच्या पोटात होत्या, आणि त्यांच्या धाग्यात लोह नव्हते.